प्रभागातलं हवामान: शहरात राहून हे काम कसं उभं करावं

पाच जूनला, पर्यावरण दिनी, पुण्यात दरवर्षी जेवढी रोपं लावली जातात, ती सगळी जगली असती तर आज सिंहगड रस्त्यावर दुपारी टोपी लागली नसती. लोकांना हौस भरपूर आहे. पण पाच जून ही तारीख महापालिकेच्या वर्षात कुठेच बसत नाही. अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू झालेलं असतं, पावसाळापूर्व कामांचे ठेके कधीच दिलेले असतात आणि उद्यान विभागाची माणसं पडलेल्या फांद्या उचलत फिरत असतात. तुम्ही फोटो काढता, ते दहा खड्डे करून देतात, विषय संपतो.

शहरात हवामानाचं काम करायचं असेल तर आधी पालिकेचं वर्ष पाठ करावं लागतं. कोणत्या महिन्यात कोणतं टेबल उघडं असतं हे कळलं की पाच-सात माणसंही बरंच काही करून घेतात, आणि ते न कळल्यास पाचशे माणसांचा मोर्चाही चुकीच्या दारावर जातो. खाली लिहिलेलं पुण्याच्या अनुभवावर बेतलेलं आहे. नाशिक, नागपूर, ठाण्यात खात्यांची नावं थोडी वेगळी असतील, पण कायदा तोच आणि कारभाराची चालही तीच.

आधी एक प्रश्न निवडा

‘पुण्याचं तापमान कमी करा’ असं निवेदन नेमकं कोणाला द्यायचं? असं टेबल कुठेच नाही. म्हणून प्रश्न असा निवडा की तिथपर्यंत चालत जाता येईल, त्याला पालिकेचं एकच खातं जबाबदार असेल आणि वर्षभरात फरक डोळ्यांना दिसेल. शाळेच्या वाटेवर सावली नाही, बसथांब्याला छप्पर नाही, झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय, सोसायटीचा ओला कचरा रोज गाडीत जातोय, ओढ्यात राडारोडा टाकला जातोय. यातलं एकच घ्या. दोन घेतलेत की गटाचे दोन तुकडे होतील, हे लिहून ठेवा.

पुण्यात राहत असाल आणि घराजवळ ओढा असेल, तर माझं मत ओढ्याला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत काय केलं ते त्या भागातलं कोणीही सांगेल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. कमी वेळात जास्त पाऊस पडणं हे हवामानबदलाचं लक्षण आहे, पण ते पाणी कुठे तुंबतं ते ठरवतात अरुंद झालेलं पात्र आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेली गादी. पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही, दुसरीबद्दल तक्रार करता येते.

नालेसफाईची कामं एप्रिल-मे मध्ये उरकली जातात, त्यामुळे ओढ्याची फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. प्रत्येक अडथळ्याचा फोटो घ्या आणि फोटोत जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक दिसू द्या. ‘ओढ्यात कचरा आहे’ या तक्रारीला ‘सफाई करण्यात आली आहे’ असं उत्तर येतं आणि ते खोटं पाडता येत नाही. खांब क्रमांक लिहिलात की अभियंत्याला तिथे जावंच लागतं. मे अखेरीस त्याच जागेवर उभं राहून तोच फोटो पुन्हा घ्या. दोन फोटो शेजारी ठेवून दिलेल्या पत्राइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

माणसं कुठून आणायची

सुरुवातीला पाच ते सात पुरेत. नाव, बोधचिन्ह, टी-शर्ट यांची घाई नको. ज्या गटाचं बोधचिन्ह पहिल्या महिन्यात तयार होतं त्याचं काम दुसऱ्या महिन्यात थंडावतं, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या भागात आधीपासून जमणारे लोक शोधा. गणेश मंडळ, भजनी मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, रिक्षा स्टँड, सकाळी टेकडीवर चालणारे. नवीन सभा भरवण्यापेक्षा त्यांच्या बैठकीत दहा मिनिटं मागणं केव्हाही सोपं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना पोलीस ठाणं, परवानगी, मांडव, वर्गणी सगळं तोंडपाठ असतं, आणि पर्यावरणवाल्यांना त्यातलं काही येत नसतं. ही जोडी जमली तर छान जमते.

कचरावेचक बायकांना मात्र विसरू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा पालिकेशी करार झाला. रोज घरोघरी जाणाऱ्या ताईंना कुठल्या इमारतीत ओला-सुका वेगळा होतो आणि कुठे नुसतं दाखवायला दोन बादल्या ठेवल्यात, हे कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नेमकं ठाऊक असतं. त्यांना ‘लाभार्थी’ म्हणून बोलावू नका. पहिल्या बैठकीत पहिलं बोलायला त्यांना सांगा.

आणि भाषा. वस्तीत जाऊन ‘जागतिक तापमानवाढ’ म्हटलंत की लोक आदराने माना डोलावतात आणि उठून जातात. त्याऐवजी विचारा, “मावशी, रात्री झोप लागते का?” मग ऐकत राहा. पत्र्याच्या खोलीत रात्री अकरालाही भिंतीला हात लावता येत नाही, लेकरू रडत राहतं, पंखा गरम हवाच फिरवतो, म्हणून दार उघडं ठेवावं तर भीती वाटते. हे ऐकल्यावर सावलीपेक्षा छताचा प्रश्न आधी घ्यायला हवा होता असं वाटू शकतं. तसं वाटलं तर बेलाशक बदला. अहमदाबादमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टने गरीब वस्त्यांमधल्या छतांना पांढरा, ऊन परतवणारा लेप देण्याचं काम वस्तीतल्या बायकांना पुढे ठेवूनच केलं.

बैठक कधी ठेवायची तेही त्यांनाच विचारा. रविवारी सकाळी अकराची वेळ सोसायटीवाल्यांना सोयीची असते, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तो सगळ्यात व्यस्त वेळ.

मोजल्याशिवाय पत्र लिहू नका

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर असलं की उष्णतेची लाट म्हणतात. किनाऱ्यासाठी ही मर्यादा ३७ आहे. म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेत ३८ नोंदलं गेलं तर कागदोपत्री लाट नाही. त्याच दुपारी तुमच्या वस्तीतल्या पत्र्याखाली काय आहे, याची नोंद कोणाकडेच नसते. ती तुम्ही करायची.

साधा, भिंतीवर लावायचा डिजिटल तापमापक पुरतो. एक पत्र्याच्या खोलीत, एक स्लॅबच्या खोलीत, एक झाडाखाली. पत्र्याला किंवा भिंतीला टेकवून लावू नका, दोरीने छातीच्या उंचीला लटकवा. ऊन थेट पडू देऊ नका. रोज ठरलेल्या तीन वेळा आकडा टिपा, सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री १०. रात्रीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण रात्री अंग थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन सोसत नाही. नोंद वहीत करा, तारीख-वेळ घाला, ज्याने टिपलं त्याची सही घ्या. आठवी-नववीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

कपाळाला लावतात तसली बंदूक वापरून ‘आमच्या इथे ५८ अंश’ असं समाजमाध्यमावर टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. ते यंत्र पृष्ठभागाचं तापमान दाखवतं, हवेचं नाही. एखादा जाणकार अधिकारी तेवढ्या एका चुकीवरून तुमचं अख्खं पत्र बाजूला ठेवेल. छताला लेप देण्याआधी आणि नंतर पत्रा किती तापतो हे बघायला मात्र ते उपयोगी आहे.

एप्रिल-मे हे दोन महिने मोजलंत की हातात जे येईल ते शहरात दुसऱ्या कोणाकडेही नसेल. पुढे आरोग्य विभागाकडे जा, पाणपोईची वेळ वाढवून मागा, शाळेची वेळ बदलून मागा, छतांसाठी निधी मागा. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि मग इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. तुमच्या शहराचा असा आराखडा असेल तर तो मागून घ्या आणि त्यात तुमच्या प्रभागाचं नाव कुठे आहे का ते बघा. बहुधा नसतं, आणि तिथूनच पत्राला सुरुवात करता येते.

कागद: पोच, सोमवार आणि दीडशे शब्द

कोणतंही निवेदन दोन प्रतींत न्या. एक आवक कक्षात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच जिना उतरा. साहेबांच्या हातात पत्र देऊन फोटो काढला म्हणजे पत्र दिलं असं होत नाही. आवक क्रमांक नसलेला कागद कोणीच पाहिलेला नसतो.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. माहिती अधिकाराचा अर्ज न करताही फाइल बघता येते. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. ही पद्धत मुळात पुणे महापालिकेतली. परिपत्रकाची छापील प्रत सोबत ठेवा, कारण टेबलावरचा माणूस ‘असं काही नसतं’ म्हणण्याची शक्यता दाट आहे. वाद घालू नका, प्रत पुढे करा आणि बसा. नालेसफाईच्या फाइलमध्ये तीन कागद शोधायचे: कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश), मोजमाप पुस्तक आणि देयक (बिल). किती मीटर लांबी साफ केली म्हणून पैसे दिले ते मोजमाप पुस्तकात असतं. तुमचे फोटो त्या लांबीत कुठे बसतात ते पाहा.

फाइल मिळाली नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस, उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून ‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘ओढ्याची सफाई का झाली नाही?’ हा प्रश्न फेटाळला जातो. ‘अमुक ओढ्याच्या अमुक पुलापासून तमुक पुलापर्यंतच्या सन २०२४-२५ मधील पावसाळापूर्व सफाईचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंदी व अदा केलेल्या देयकाची प्रत मिळावी’ हे फेटाळायला जड जातं.

पैसा: ऑगस्टचा अर्ज

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून प्रभागातलं काम सुचवता येतं, एका कामाला पाच लाखांपर्यंत. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात. जाहिरात वृत्तपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत संपल्यावर लोकांना कळतं. जुलैपासूनच क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहा.

अर्ज भरताना एक युक्ती. ‘परिसर हरित करावा’ असं लिहिलंत तर अभियंत्याला अंदाजखर्च काढता येत नाही, मग तो बाकड्यांचा किंवा पेव्हिंग ब्लॉकचा खर्च लावून मोकळा होतो. म्हणून काम त्याच्या भाषेत लिहा: अमुक शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत पदपथावर इतक्या ठिकाणी झाडांसाठी आळी (बुंध्याभोवती मातीचे खळगे) सोडणे, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडणे, देशी रोपं लावणे, पहिली तीन वर्षं टँकरने पाणी. जागा पालिकेचीच असल्याची खात्री करा, खासगी जागेतलं काम यात बसत नाही. मग कनिष्ठ अभियंत्याला घेऊन एकदा जागेवर चाला. चहा पाजा. तो माणूस तुमचा शत्रू नाही, त्याच्याकडे एकाच वेळी तीस रस्त्यांची खोदाई असते.

रोपं कुठली मागायची? करंज, कडुनिंब, बहावा, कांचन, जागा मोठी असेल तर वड-उंबर. गुलमोहर दिसतो छान पण वादळात पहिला आडवा होतो. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड, अजिबात नको, पुण्याच्या टेकड्यांवर ते लावून काय झालं ते बघतोच आहोत.

सोसायटीत काम करायचं असेल तर मिळकतकराची सवलत पुढे करा. पुण्यात सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, गांडूळखत यांसाठी सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सूट आहे. वार्षिक सभेत हवामानावर भाषण ठोकण्यापेक्षा ‘बिल कमी येईल’ हे वाक्य जास्त हात वर करवतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

झाडावरची नोटीस

हे काम मात्र तुमच्या वेळापत्रकाने होत नाही. एक दिवस झाडाला खिळ्याने ठोकलेला कागद दिसतो आणि घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याने झाडावर आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, हरकतीला सात दिवस.

कागद नीट वाचा. झाडाचा क्रमांक, जात, घेर, अर्जदार आणि कारण त्यात असतं. ‘विस्तार कमी करणे’ असेल तर छाटणी. ‘पूर्णपणे काढणे’ असेल तर तोड. ‘पुनर्रोपण’ असेल तर कुठे, कोण करणार आणि नंतर पाणी कोण घालणार हे विचारा. मोठी झाडं उपटून दुसरीकडे लावली की वर्षभरात वाळकी खोडं उरतात, हे अनेकांनी पाहिलंय.

मग वयाचा रकाना बघा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि तोडायच्या झाडाचं वय जितकं, तितकी भरपाईची झाडं लावावी लागतात. वय कमी दाखवलं की दोन्ही बाजूंनी सुटका. म्हणून हरकतीत सगळ्यात आधी वयावर बोट ठेवा. छातीच्या उंचीवर घेर मोजा, आणि जुन्या रहिवाशांकडे जा. लग्नाच्या वरातीचा, शाळेच्या संमेलनाचा, वाड्यासमोर उभ्या लँब्रेटाचा कृष्णधवल फोटो, ज्यात मागे तेच झाड दिसतंय. असा एक फोटो दहा पानी निवेदनाला भारी पडतो.  प्रकल्पाचे तुकडे करून झाडांचा आकडा कमी दाखवलाय का, तेही तपासा.

हरकत प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावी. एकच मजकूर दोनशे जणांनी पाठवला की अधिकारी त्या सगळ्यांना एकच हरकत मानतात.

रस्त्यावर उतरायचं तर

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात वेताळ टेकडीसाठी आणि मुळा-मुठेच्या काठच्या झाडांसाठी हजारो लोक चालले. आजी-आजोबा, शाळकरी मुलं, ढोल, हाताने रंगवलेले फलक. ती गर्दी एका रात्रीत जमली नव्हती. त्यामागे टेकडीवर रोज चालणाऱ्यांचे गट, नदीवर वर्षानुवर्षं काम करणारे लोक आणि आधीच दाखल केलेल्या हरकती होत्या. मोर्चा हे शेवटचं नाही तरी चौथं-पाचवं पाऊल आहे.

पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी पत्र द्या: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांचे क्रमांक. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस आली तर घाबरू नका, ती प्रतिबंधात्मक समज असते. ती घ्या, पोच द्या, वकिलाला दाखवा. कलम १६३ चा जमावबंदी आदेश लागू असेल तर मात्र तारीख बदला. गटात एक तरी वकील आधीपासून हवा.

मुंबईतलं आरे आठवा, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली ते. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. निकालाच्या दिवशी अपिलाचा कागद खिशात असायला हवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाकडे, जायचं असेल तर मूळ अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आणि परवानगीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण म्हणून उठसूट तिथे जाऊ नका. एक प्रकरण माणसांची दोन वर्षं खातं.

गट टिकवायचा कसा

पुढाऱ्यांशी बोला, सगळ्यांशी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुण्याचा कारभार काही वर्षं प्रशासकाकडे होता आणि त्या काळात ज्या गटांची ओळख फक्त एका नगरसेवकाशी होती ते लटकले. क्षेत्रीय कार्यालयातल्या लिपिकाशी ओळख असलेल्यांचं काम चालू राहिलं. कोणाचाही फलक तुमच्या कार्यक्रमाच्या मागे लागू देऊ नका, काम झाल्यावर श्रेय मात्र मागतील त्याला खुशाल द्या. बांधकाम व्यावसायिकाचा निधी येईल, विनम्र नकार द्या. वर्गणीतून भागेल तेवढंच करा आणि जमाखर्च दर महिन्याला गटावर टाका, चहाच्या बिलासकट.

व्हॉट्सॲपचे दोन गट ठेवा. एकात फक्त तारखा आणि कागद, दुसऱ्यात शुभसकाळ. हे मी गंभीरपणे सांगतोय. नोटिशीचा फोटो वाढदिवसाच्या फुग्यांखाली गाडला जातो आणि सात दिवस तसेच जातात.

अधिकारी बदलले की पहिल्या आठवड्यात नव्या साहेबांना जुन्या पत्रव्यवहाराची झेरॉक्स नेऊन द्या, आवक क्रमांकांसह. २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे, त्यात शहरांना पंचमहाभूतांच्या नावाखाली गुण मिळतात. तुमचं काम त्या गुणांत मोजता येत असेल तर तसं पत्रातच लिहा, फाइल जरा लवकर हलते.

लावलेल्या रोपांचा टँकर मात्र स्वतः मोजा. मार्च ते मे दर आठवड्याला कोणीतरी एकाने रस्त्याने चालत जाऊन किती जिवंत आहेत ते वहीत लिहायचं, आणि मेलेल्याच्या बदल्यात नवीन रोप लावून देण्याचं पत्र ठेकेदाराची मुदत संपण्याआधी उद्यान विभागात द्यायचं. तीन वर्षांची देखभाल कार्यादेशात लिहिलेली असते, आणि मागितली नाही तर ती कोणी करत नाही.